डीएनए किटचा रिव्ह्यू: आपण आणि अरब दिसायला सारखे का, हे त्यातून किती कळतं

टेस्ट चांगली आहे, पण रिपोर्टमधला रंगीत नकाशा बघून लगेच निष्कर्ष काढू नका. हे आधीच सांगून टाकतो कारण बरेच जण तेवढाच नकाशा बघतात, स्क्रीनशॉट स्टेटसला ठेवतात आणि खाली लिहिलेलं काही वाचतच नाहीत. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. माझी मुख्य तक्रार एका कंपनीपुरती नाहीये, वंश सांगणाऱ्या बऱ्याच किटमध्ये हाच घोळ दिसतो.

मी परभणीचा. काही वर्षं शारजात नोकरी केली आणि तिथे ओमानी, येमेनी माणसं माझ्याशी सरळ अरबीतच सुरू व्हायची, टॅक्सीत, दुकानात, मशिदीबाहेर उभा असलो तरी. माझा रूममेट परभणीचाच, तो चाऊस. मराठवाड्यात वाढलेल्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो, येमेनच्या हद्रमौत भागातून जे अरब शिपाई निजामाच्या फौजेत आले आणि इकडेच राहिले त्यांची ही पोरंबाळं, औरंगाबाद, नांदेड, परभणी, जालना सगळीकडे आहेत, हैदराबादचं बारकस तर त्यांचंच. तर गंमत बघा, खरा अरब वंशाचा तो, आणि त्याला तिथे सगळे केरळचा समजायचे. चेहऱ्यावरून कोण कुठला हे ओळखता येतं असं छातीठोक सांगणारे भेटतात ना, त्यांना आम्हा दोघांना शेजारी उभं करून दाखवावं असं वाटायचं. परत आल्यावर दोघांनी मिळून किट मागवलं. ऑफरमध्ये एकेक सात-आठ हजाराला पडलं.

आता सर्व्हिसबद्दल. पॅकिंग नीट, सूचना इंग्रजीत आणि हिंदीत, मराठी नाही. थुंकी नळीत भरायची, त्याआधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, तंबाखू-गुटखा पण नाही, मग झाकण लावलं की त्यातलं लिक्विड थुंकीत मिसळतं आणि सॅम्पल टिकतं. फेस सोडून रेषेपर्यंत थुंकी भरायची असते, हे नीट बघा, कमी पडलं तर सॅम्पल रिजेक्ट होतं. कुरिअरवाला घरून घेऊन गेला. रिपोर्ट यायला सांगितलं होतं त्यापेक्षा बराच जास्त वेळ लागला, कस्टमर केअरला मेल केला की दर वेळी तेच ठरलेलं उत्तर, सॅम्पल प्रोसेसमध्ये आहे. तिथे मार्क कापले.

रिपोर्टमध्ये मला बहुतांश दक्षिण आशिया आणि पाच-सहा टक्के "मध्यपूर्व" असा आला. मित्राला मध्यपूर्व जवळपास पाव हिस्सा. घरी दाखवल्यावर माझ्या मावशीने लगेच विचारलं की म्हणजे आपल्याकडे कोण अरब होता रे. आणि नेमका हाच प्रश्न हा रिपोर्ट लोकांच्या डोक्यात घालतो आणि उत्तर द्यायची वेळ आली की गप्प बसतो.

ते पाच-सहा टक्के म्हणजे काय ते समजून घ्या. माणसाच्या जिनोममध्ये, म्हणजे सगळ्या डीएनएत मिळून, साधारण ३०० कोटी अक्षरं असतात, या टेस्टची लॅबमधली चिप त्यातली सहा-सात लाख ठिकाणं तपासते. मग ती तुकड्या-तुकड्याने कंपनीकडे असलेल्या आजच्या लोकांच्या नमुन्यांशी लावून बघते की हा तुकडा कोणाशी जास्त जुळतो. बस. टक्का म्हणजे जुळणी, पणजोबाचा पत्ता नाही. नमुन्यांचा संच बदलला की टक्का बदलतो. आमच्या बाबतीत तेच झालं, काही महिन्यांनी कंपनीने अपडेट टाकलं आणि माझा मध्यपूर्व घसरून एकावर आला, मित्राचा मात्र थोडाच हलला. माझं रक्त तेच, पूर्वज तेच, फक्त त्यांच्याकडे भारतातले नमुने वाढले. म्हणून ज्यांना दोन-चार टक्के आलेत त्यांनी त्यावर घराण्याचा इतिहास लिहायला घेऊ नका, मित्रासारखा मोठा आणि टिकणारा आकडा असेल तर गोष्ट वेगळी.

आता खरी तक्रार. "मध्यपूर्व" या एकाच रंगात यांनी इराण आणि अरबस्तान दोन्ही टाकलेत. हे म्हणजे ज्वारी आणि गहू एका डब्यात ओतून वर धान्य असं लिहिण्यासारखं आहे. कारण जुन्या हाडांच्या डीएनएवरून जे कळलंय ते असं की बारा-पंधरा हजार वर्षांपूर्वी पॅलेस्टाइन-जॉर्डन पट्ट्यात राहणारे नाटुफियन लोक आणि इराणच्या झाग्रोस डोंगरात, गंज दरेहसारख्या ठिकाणी दहा हजार वर्षांपूर्वी राहणारे लोक, हे एकमेकांपासून अगदी वेगळे होते. शेजारी असून वेगळे. २०१६ साली हे नेचर या विज्ञान नियतकालिकात छापून आलं. अरबस्तानातल्या लोकांमध्ये नाटुफियनांसारखा वाटा जगात सगळ्यात ठळक दिसतो, त्यावर नंतर इराणकडचा वाटा चढला, शिवाय आफ्रिकेचा पण थोडाफार. आपल्यात नाटुफियन जवळपास नाहीच. आपल्यात आहे ते इराणी शेतकऱ्यांशी नातं असलेलं एक जुनं मूळ, त्यात इथल्याच आदिम लोकांचं मूळ जे अरबांमध्ये नाही, आणि नंतर कमीजास्त प्रमाणात स्टेपकडचं, म्हणजे युरोप-आशियातल्या गवताळ मैदानांकडून आलेलं.

म्हणजे आपल्यात आणि अरबांमध्ये जे जुनं सामाईक आहे ते इराणच्या बाजूचं आहे. ते अरबांकडून आपल्याकडे आलेलं नाही आणि आपल्याकडून त्यांच्याकडेही गेलेलं नाही, एकाच जुन्या झाडाची एक फांदी पूर्वेला आली आणि दुसरी पश्चिमेला आणि दक्षिणेला गेली. आणि ती फांदी किती जुनी? हरियाणातल्या राखीगढीला, सिंधू संस्कृतीच्या जुन्या शहरात, सापडलेल्या सांगाड्यातल्या बाईचा डीएनए, ज्या कामात आपल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे होते आणि २०१९ साली सेल नावाच्या विज्ञान नियतकालिकात छापून आलं, त्यात असं निघालं की सिंधू संस्कृतीतल्या लोकांचं हे इराणशी नातं असलेलं मूळ इराणच्या शेतकऱ्यांपासून १२,००० वर्षांपेक्षाही आधी वेगळं झालेलं होतं, म्हणजे तिथे शेती सुरू व्हायच्याही आधी. तर मावशीच्या प्रश्नाचं उत्तर हे की इथे कोणी अरब आजोबा शोधायची गरज नाही, त्या टक्क्यातला बराच भाग अरब हा शब्द जन्मायच्या कितीतरी आधीचा आहे. एवढी साधी गोष्ट रिपोर्टमध्ये दोन ओळींत लिहिता आली असती. सात-आठ हजार घेता ना.

ज्या भागासाठी मी चार स्टार देईन तो म्हणजे बापाकडची आणि आईकडची लाइन. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं. त्यातल्या फरकांवरून कंपनी गट ठरवते. मित्राचा आला जे१ गट, जो अरबस्तानात आणि खास करून येमेनमध्ये भरपूर आहे. आईकडची लाइन त्याची एम गटाची, अस्सल भारतीय. म्हणजे शिपाई आला एकटा, लग्न इथल्या बाईशी केलं, आणि पुढे चाऊसांची लग्नं बरीचशी आपापसात झाली म्हणून पाव हिस्सा टिकला, नाहीतर दर पिढीला निम्मा होत सहा पिढ्यांत दीड टक्का उरला असता. त्याचे आजोबा सांगायचे ते सगळं जसंच्या तसं कागदावर. रिपोर्ट वाचून दाखवताना त्याचे अब्बा काही बोललेच नाहीत, फक्त परत वाच म्हणाले. हद्रमौत आणि हैदराबाद हे नातं नुसतं शिपायांचं पण नव्हतं, हद्रमौतच्या मुकल्ला बंदराचं जे कुऐती घराणं पुढे सुलतान झालं त्याचा मूळ पुरुष निजामाकडे जमादार होता आणि तिथल्या पैशावर त्यांनी तिकडे राज्य उभं केलं. माझा वाय मात्र एच गटाचा निघाला, जो मुख्यतः भारतातच सापडतो. दिसायला अरब मी, आणि जे१ त्याच्याकडे.

कोकणातल्या मित्रांसाठी एक गोष्ट, कारण तिकडे बऱ्याच घरांत आम्ही अरबस्तानातून आलो असं सांगतात. येणंजाणं होतं यात शंकाच नाही. अरब प्रवासी अल मसुदी दहाव्या शतकाच्या सुरुवातीला चौलला येऊन गेला, त्याने लिहिलंय की तिथे ओमान, बसरा, बगदाद, सिराफकडचे मिळून दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात, आणि इथेच जन्मलेल्यांना बयासिरा म्हणतात. पालघरमधल्या चिंचणीला सापडलेल्या ९२६ सालच्या ताम्रपटात तर राष्ट्रकूट राजाने संजाणचा (आता गुजरातेत) कारभार मधुमती नावाच्या ताजिक माणसाकडे, म्हणजे अरब मुसलमानाकडे दिल्याचं आहे, आणि त्याच ताम्रपटात देवीच्या मठाला जमीन दिल्याचा उल्लेख आहे. चौल आणि चिंचणी ही दोन्ही ठिकाणं महाराष्ट्राच्या किनाऱ्याची, आणि शाळेत आम्हाला यातलं एक अक्षर शिकवलं नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण अकराशे वर्षं म्हणजे चाळीसेक पिढ्या. दहा पिढ्या मागे गेलं तरी पूर्वजांच्या १०२४ जागा होतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा एक तुकडाही आपल्यात उरलेला नसतो. मग टेस्टमध्ये अरब शून्य आला म्हणून घरची गोष्ट खोटी ठरत नाही, ही किट तेवढं मागचं बघूच शकत नाही. २०१० साली हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या लालजी सिंग, थंगराज वगैरेंच्या गटाने भारतातल्या वेगवेगळ्या मुस्लिम समाजांचा अभ्यास छापला होता, त्यात हेच निघालं की बहुतेक जण आपापल्या भागातल्या बिगरमुस्लिम शेजाऱ्यांसारखेच आहेत, वर अरबस्तान, इराण, आफ्रिकेकडचा थोडा पण ओळखू येणारा अंश. किनाऱ्यावरच्या शेजाऱ्यांमध्ये भांडणं लावणाऱ्या दोन्ही बाजूंच्या लोकांनी हे वाचावं.

मग चेहरे सारखे का दिसतात? किटमध्ये "तुमची वैशिष्ट्यं" असा भाग आहे, तो बराचसा टाइमपास आहे पण त्यात दोन गोष्टी खरंच कामाच्या निघाल्या. एक रंग. एसएलसी२४ए५ नावाचा जीन आहे, त्यात एका अक्षराच्या फरकाने त्वचा उजळते. युरोपात हा फरक जवळजवळ सगळ्यांत, मध्यपूर्वेत भरपूर आणि भारतातही खूप लोकांत आहे, उत्तर-पश्चिमेला जास्त, दक्षिणेत आणि आदिवासी समाजांत कमी. २०१३ साली सिद्ध झालं की भारतातला आणि युरोपातला हा फरक वेगवेगळा झालेला नाही, एकाच पूर्वजाकडून पसरलेला तो एकच तुकडा आहे. म्हणजे त्वचेचा हा एक धागा पश्चिमेकडच्या लोकांत आणि आपल्यात खरोखर सामाईक आहे. पण त्याच्याभोवती अजून कितीतरी जीन काम करतात, आणि नाक, भुवया, जबडा यांच्यामागे तर शेकडो. त्यावर दाढी, ऊन आणि कपडे. शारजात मी कंदुरा, म्हणजे तिथला लांब झगा, घातला नव्हता तरी लोक फसायचे, आणि मित्र रोज फॉर्मल शर्टात म्हणून त्याला अकाउंट्सवाला केरळी समजायचे, यात जीनपेक्षा सवयीचा भाग जास्त असावा असं मला वाटतं.

दुसरी गोष्ट दूध. मोठेपणी दूध पचायची क्षमता माझ्यात दाखवली, मित्राला पण दाखवली, पण कारण वेगळं. भारतात ज्यांना दूध पचतं त्यांच्यात जो मुख्य बदल सापडतो तो युरोपातल्यासारखाच आहे, १३९१० नंबरच्या जागेवरचा. अरबस्तानातला बदल त्याच्या अगदी शेजारी, १३९१५ वर, आणि तो उंट पाळण्याशी जोडला जातो. मित्राचा १३९१५ वाला निघाला. दोघंही चहा पितो एकाच कपबशीतून, पोट दोघांचंही ठीक, पण ती क्षमता दोन वेगळ्या ठिकाणी वेगवेगळी तयार झालेली. दिसायला सारखं म्हणजे मूळ सारखंच असं नाही, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला अजून कुठे मिळालं नाही. हे पान रिपोर्टच्या पार शेवटी लपवून ठेवलंय, ते पहिल्या पानावर पाहिजे होतं.

आणि जी गोष्ट या रिपोर्टमध्ये असायलाच पाहिजे होती ती नाहीच. सिकलसेल. रक्ताच्या ज्या आनुवंशिक आजाराने आपल्या विदर्भात आणि नंदुरबारकडे घरंच्या घरं हैराण आहेत, त्याच्या जीनच्या आजूबाजूच्या डीएनएचा जो ठरावीक नमुना इथे सापडतो त्याला डॉक्टर लोक अरब-इंडियन हॅप्लोटाइपच म्हणतात, कारण तो भारतात आणि सौदीच्या पूर्व किनाऱ्यावर, कतीफ आणि अल अहसा भागात सापडतो. सौदीच्या नैर्ऋत्य भागात मात्र आफ्रिकेतला बेनिन नमुना आहे. म्हणजे एकाच देशाच्या दोन टोकांना दोन वेगळे आणि त्यातला एक आपल्याशी जुळणारा. या नमुन्यात बाळपणीचं हिमोग्लोबिन मोठेपणीही जास्त राहतं त्यामुळे त्रास आफ्रिकेतल्या काही नमुन्यांपेक्षा सरासरीने कमी, पण विदर्भात गंभीर पेशंट पण खूप आहेत, त्यामुळे कमी त्रास ऐकून निर्धास्त होऊ नका. अरब आणि भारतीय यांच्यातलं नातं बघायचं तर हे सगळ्यात ठोस नातं आहे, आणि यावर माणसांचं आयुष्य अवलंबून आहे, आणि हे सोडून रिपोर्टमध्ये काय तर तुम्हाला कोथिंबीर साबणासारखी लागते का.

नातेवाईक शोधायचं फीचर पण आहे. मला म्हणे शेकडो चुलत-चुलत भावंडं. इथे सावध राहा. आपल्याकडे मामाची मुलगी करतात, अरबांमध्ये काकाची मुलगी करतात, शिवाय जातीत नाहीतर टोळीतच लग्न, त्यामुळे एकाच समाजातल्या दोन अनोळखी माणसांचेही बरेच तुकडे जुळतात आणि सॉफ्टवेअरला वाटतं हे जवळचे. तिसऱ्या पिढीचं नातं दाखवलेली एक बाई मला भेटली, दोन्ही घरच्या म्हाताऱ्यांना बसवून विचारलं, कुठेच धागा लागला नाही. मित्राला मात्र एक जण जकार्ताचा सापडला, त्याचंही कुटुंब हद्रमौतचं, आडनाव तेच. हद्रमी लोक इंडोनेशियात पण खूप गेले होते. ते दोघं आता रोज बोलतात. एवढ्यासाठी तरी त्याचे पैसे वसूल झाले असं मी म्हणेन.

प्रायव्हसीचं मात्र फार गंभीरपणे घ्या. अमेरिकेतल्या ट्वेंटीथ्री अँड मी कंपनीची २०२३ ची चोरी आठवा, जवळपास ६९ लाख लोकांची माहिती गेली, आणि मार्च २०२५ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. पासवर्ड गेला तर बदलता येतो, हे बदलता येत नाही, आणि तुमच्यासोबत तुमच्या भावा-बहिणीचा, पोरांचा पण अर्धा भाग जातो, त्यांना न विचारता. आमच्या किटमध्ये संशोधनासाठी डेटा वापरायची परवानगी वेगळ्या टिकमध्ये होती, ती मी दिली नाही, मित्राने दिली कारण त्याला वाटतं हद्रमी नमुने वाढले तर पुढच्यांचा रिपोर्ट चांगला येईल, आणि त्याचं म्हणणं चुकीचं नाहीये.

कोणी घ्यावं? ज्यांच्या घरात तीनशे वर्षांच्या आतली ठोस गोष्ट आहे, अमुक गावाहून अमुक माणूस आला अशी, त्यांनी घ्यावं, आणि घरातल्या पुरुषाचं सॅम्पल द्यावं म्हणजे वाय लाइन पण मिळेल. बहिणीने आणि भावाने मिळून एकच घेतलं तर भावाचंच द्या. नुसतं मी अरबासारखा का दिसतो हे बघायला घेत असाल तर पैसे वाचवा. आणि सिकलसेलची शंका असेल तर या किटच्या नादी लागूच नका, सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट होते, सोल्युबिलिटी टेस्ट आणि ती पॉझिटिव्ह आली की पुढची पक्की टेस्ट, लग्न ठरायच्या आधी दोघांनीही करून घ्या.

किटला साडेतीन स्टार. रॉ डेटाची, म्हणजे तपासलेल्या अक्षरांची मूळ फाइल डाउनलोड करून घ्या, ती जपून ठेवा आणि मग अकाउंट सेटिंगमध्ये जाऊन उरलेलं सॅम्पल नष्ट करायची रिक्वेस्ट टाका, कन्फर्मेशनचा मेल येईपर्यंत मागे लागा.